नाव कोणाचे, माल कोणाचा: रायगड किनारा आणि जगाचा बाजार

कॉफी रायगडात पिकत नाही. महाराष्ट्रात ती चिखलदऱ्याच्या डोंगरावर थोडीफार होते, बाकी जवळजवळ सगळी दक्षिणेत. तरीही अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा या पट्ट्यातल्या हापूस बागायतदाराने आणि भातानंतर पांढरा कांदा लावणाऱ्या शेतकऱ्याने कॉफीचा इतिहास नीट वाचावा, असे मला फार दिवसांपासून वाटते. एक-दोन एकरांच्या मालकाने आपल्या गावाच्या नावाने, आपल्या अटींवर, साता समुद्रांपलीकडच्या गिऱ्हाइकाला माल विकायचा हा प्रयोग जगात सगळ्यांत जास्त देशांत आणि सगळ्यांत जास्त ठेचा खाऊन झाला तो कॉफीतच.

रायगडचा किनारा आज त्याच वळणावर आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, ठाणे, पालघर आणि रायगड असे पाच जिल्हे त्यात आहेत. सप्टेंबर २०२१ मध्ये अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला मानांकन देण्याचा निर्णय झाला. दोन्ही वेळा सत्कार झाले, बातम्या आल्या, आणि आता भाव चढणार असे सगळ्यांनी धरून चालले. माझे मत असे की मानांकनाने फक्त नाव राखण्याचा हक्क मिळतो. भाव त्यालाच मिळतो ज्याच्या हातात प्रतवारी, शिक्का आणि माल रवाना करण्याची जागा आहे. या तिन्ही गोष्टी एकट्या बागायतदाराच्या आवाक्यातल्या नाहीत आणि रायगडात त्या एकत्र येऊन उभ्या करणारी बळकट संस्था अजून नाही.

आधी कॉफीकडे पाहू. १९६२ पासून आंतरराष्ट्रीय करारानुसार प्रत्येक उत्पादक देशाचा निर्यातीचा कोटा ठरलेला असे, त्यामुळे भावाला तळ होता. जुलै १९८९ मध्ये ही व्यवस्था मोडली आणि भाव थोड्याच काळात निम्म्यावर आले. पुढे २००१ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात कॉफी पौंडाला ५० सेंटच्याही खाली गेली आणि मध्य अमेरिकेत माणसे बागा सोडून शहरांकडे निघाली. या पडझडीतून दोन वाटा निघाल्या. एक, किमान भावाची हमी देणारा न्याय्य व्यापाराचा शिक्का. त्याची सुरुवात १९८८ मध्ये हॉलंडमध्ये ‘मॅक्स हावेलार’ या नावाने झाली आणि पहिला माल मेक्सिकोतल्या ओहाका प्रांतातल्या आदिवासी शेतकऱ्यांच्या सहकारी संघाचा होता. दुसरी वाट चवीची. कॉफी कपात ओतून, चाखून तिला शंभरपैकी गुण द्यायचे. ऐंशी किंवा वर गुण पडले तर ती ‘स्पेशालिटी’. १९९९ मध्ये ब्राझीलमध्ये ‘कप ऑफ एक्सलन्स’ ही स्पर्धा सुरू झाली आणि गुणांवर पहिल्या आलेल्या शेताचा माल इंटरनेटवरच्या लिलावात जगभरचे खरेदीदार बोली लावून घेऊ लागले. कालपर्यंत पोत्यात मिसळून जाणाऱ्या मालाला शेताचे नाव लागले.

पण चव ही झाडावर पुरी होत नाही, आणि रायगडच्या दृष्टीने कॉफीच्या इतिहासातला हाच सगळ्यांत महत्त्वाचा धडा आहे. रवांडाची कॉफी १९९० च्या दशकात हलकी म्हणून ओळखली जाई. झाडे चांगली होती, डोंगर उंच होते, पण प्रत्येक शेतकरी घरीच फळाची साल काढून बिया कशाबशा वाळवी. २००१ नंतर तिथे गावोगाव सामाईक धुलाई केंद्रे उभी राहिली. माराबा भागातल्या सहकारी संस्थेची कॉफी २००३ मध्ये इंग्लंडच्या मोठ्या दुकानांच्या फळ्यांवर गावाच्या नावाने आली. झाडे तीच, शेतकरी तेच. बदलली ती तोडणीनंतरच्या पहिल्या काही तासांची व्यवस्था, आणि ती सामाईक मालकीची होती.

नावाची लढाई इथिओपियाने लढली. सिदामो, हरार आणि यिर्गाचेफ ही आपल्या कॉफीच्या प्रदेशांची नावे अमेरिकेत व्यापारचिन्ह म्हणून नोंदवण्यासाठी त्या देशाने २००५ मध्ये अर्ज केले. अमेरिकेतल्या कॉफी व्यापाऱ्यांच्या संघटनेने विरोध केला, स्टारबक्सशी जाहीर वाद झाला आणि जून २००७ मध्ये करार होऊन कंपनीने ती नावे मान्य केली. कोलंबियाचा मार्ग आणखी जुना. तिथल्या कॉफी उत्पादकांचा महासंघ १९२७ चा. संशोधन केंद्र, गावातली खरेदी केंद्रे, जाहीर केलेल्या भावाने रोख खरेदीची हमी आणि १९५९ पासून ‘ह्वान वाल्देस’ हा खेचरासोबतचा शेतकरी असलेली जाहिरात, हे सगळे एकाच छत्राखाली. युरोपीय संघाने २००७ मध्ये कोलंबियाच्या कॉफीला भौगोलिक संरक्षण दिले, तेव्हा संस्थेचे वय ८० होते. म्हणजे तिथे संस्था आधी उभी राहिली, शिक्का मागून आला. आपल्याकडे हा क्रम उलटा झाला आहे.

भारतातलेच उदाहरण हवे असेल तर ते आंध्रातल्या अराकू खोऱ्याचे. पूर्व घाटातले आदिवासी शेतकरी, प्रत्येकाकडे एक-दोन एकर कॉफी, सावलीला मिरीचे वेल चढलेली झाडे. नांदी फाउंडेशनने तिथे या शतकाच्या सुरुवातीला काम सुरू केले आणि शेतकऱ्यांची परस्पर सहाय्यक सहकारी संस्था उभी केली. पिकलेली लाल फळेच तोडायची हा नियम, सामाईक प्रक्रिया केंद्र, आणि दरवर्षी ‘जेम्स ऑफ अराकू’ ही स्पर्धा, जिच्यात बाहेरचे चाखणारे परीक्षक येऊन गावागावाच्या कॉफीला गुण देत. २०१७ मध्ये पॅरिसमध्ये अराकूचे स्वतःचे दुकान उघडले, २०१९ मध्ये मानांकन मिळाले. हे यश केवळ सहकाराचे आहे असे कोणी सांगितले तर मी मान्य करणार नाही. त्यामागे मोठ्या उद्योगपतींचे भांडवल आणि दीर्घ धीर होता. पण भांडवल आले तेव्हा त्याला हात धरायला शेतकऱ्यांची संघटित संस्था जागेवर होती, हेही तितकेच खरे.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ.

रायगडच्या बऱ्याच हापूस बागा जुन्या वाड्यांतल्या नाहीत. १९९० मध्ये राज्याने रोजगार हमीला जोडून फलोद्यान योजना आणली, तेव्हा वरकस जमिनीवर, कातळाच्या कडेने, डोंगरउतारावर कलमे लागली. ती झाडे आज ऐन भरात आहेत. पण बागांचा मालक पुष्कळदा मुंबई-नवी मुंबईत असतो आणि मोहोर दिसला की, कधी त्याच्याही आधी, झाडे कंत्राटाने दिली जातात. कंत्राटदाराला यंदाचे पीक दिसते, दहा वर्षांनंतरचे झाड दिसत नाही. तो मोहोरासाठी कल्टार किती देतो, फुलकिड्यांवर आणि तुडतुड्यांवर कोणती औषधे किती वेळा मारतो, याची वही क्वचितच ठेवली जाते. जगाचा खरेदीदार पहिली मागतो ती ही वही. बाग अपेडा या केंद्रीय निर्यात प्राधिकरणाकडे नोंदलेली हवी, फवारणीची नोंद हवी, आंबा कोणत्या बागेतला हे पेटीवरून मागे जाऊन शोधता आले पाहिजे. कंत्राट देतानाच ही साखळी तुटते. रायगडच्या निर्यातीचा अडसर बंदरावर किंवा विमानतळावर शोधू नये. तो मोहोराच्या वेळी झालेल्या त्या तोंडी व्यवहारात आहे.

मग तोडणी. कोकणात फळाची तयारी आण्यांत सांगतात. चौदा आणे तयार झालेला आंबा काढावा. बारा आणे काढला तर तो पिकताना सुरकुततो, गोडी येत नाही. नूतन झेल्याने डेखासकट उतरवला तर चीक सालीवर ओघळत नाही आणि डाग पडत नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने हे सगळे वर्षानुवर्षे शिकवले आहे. पण मार्चमध्ये वाशीला भाव चढा असतो, डोक्यावर दलालाची आगाऊ उचल असते, आणि बारा आण्यांचा आंबा पेटीत जातो. कॉफीच्या जगात ‘फक्त लाल फळ तोडा’ हा नियम जितका मोलाचा ठरला, तितकाच आपल्याकडे चौदा आण्यांचा नियम आहे. तो पाळायचा तर तोडणीचा दिवस ठरवण्याचा अधिकार संस्थेकडे द्यावा लागेल. बागायतदाराला हे जड जाते, पण अराकूने नेमके हेच केले.

पेटी वाशीला पोचते. तिथे पिढ्यान्‌पिढ्या रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरत आला. पेटी पाठवणाऱ्याला तो कळे विक्रीची पट्टी हातात आल्यावर. जुलै २०१६ मध्ये राज्याने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराने द्यायची असे ठरवले. हा निर्णय योग्य होता. तरी उचल घेतलेल्या बागायतदाराचे हात मोकळे झाले नाहीत. कॉफीवाला निदान न्यूयॉर्कचा आजचा भाव फोनवर पाहतो आणि आपल्याला किती कमी मिळाले हे त्याला कळते. हापूसला असा जाहीर, सर्वमान्य, प्रतवारीनिहाय भाव नाही. तो रोज जाहीर करणे एवढे एक काम जरी कोणी नेमाने केले, तरी रायगडच्या बागायतदाराचे बळ वाढेल.

आणि नाव? मुंबईत गिऱ्हाईक ‘देवगड आहे का, रत्नागिरी आहे का’ असे विचारते. ‘रायगडचा द्या’ म्हणणारा भेटत नाही. त्यामुळे रायगडचा आंबा दुसऱ्याचे नाव घेऊन विकला जातो आणि श्रेय तिकडे जाते. त्याच वेळी कर्नाटकातला आंबा देवगड म्हणून विकला जातो, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आफ्रिकेतल्या मलावीचा हापूस वाशीत उतरतो, गुजरातेतून ‘वलसाड हापूस’ या नावासाठी अर्ज होतो आणि कोकणातले उत्पादक त्याला हरकत घेतात. मानांकन असूनही ही धावपळ संपत नाही, कारण कायद्याने नुसत्या जिल्ह्याला काही मिळत नाही. १९९९ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक उत्पादकाने ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नाव नोंदवावे लागते, तेव्हा कुठे त्याला तो शिक्का वापरता येतो. हापूसच्या मानांकनाचे नोंदणीधारक चार आहेत: दापोलीचे कृषी विद्यापीठ, रत्नागिरीची उत्पादक-विक्रेत्यांची सहकारी संस्था, देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्था आणि केळशी परिसर आंबा उत्पादक संघ. रायगडातली एकही नाही. पाच जिल्ह्यांच्या नकाशात आपण आहोत, पण ज्या टेबलावर नियम ठरतात तिथे आपली खुर्ची नाही.

देवगडने हे ओळखले. तिथल्या संस्थेने २०२५ च्या हंगामापासून प्रत्येक फळावर स्वतंत्र क्रमांकाचे स्टिकर लावायला सुरुवात केली. गिऱ्हाइकाने तो क्रमांक पाठवला की फळ कुठले हे कळते. स्टिकर मोजून दिले की आंबा बाहेरून आणून मिसळता येत नाही. साधी गोष्ट आहे, पण ती करायला सभासदांची यादी, बागेतल्या झाडांची मोजदाद आणि एकमेकांवरचा विश्वास लागतो. हे तिन्ही जमवायला त्यांना कैक वर्षे लागली.

परदेशाच्या वाटेवरचे अडथळे मोठे आहेत, आणि ते न सांगता ‘निर्यात करा’ म्हणणे बागायतदाराशी अप्रामाणिकपणा होईल. अमेरिकेने १९८९ पासून बंद ठेवलेला दरवाजा २००७ मध्ये उघडला, तोही फळ किमान ४०० ग्रे मात्रेने विकिरणित केले असेल तरच. पहिला माल लासलगावच्या केंद्रातून गेला; पुढे वाशीला पणन मंडळाचे केंद्र झाले. तिथे अमेरिकेचा निरीक्षक समोर हजर असावा लागतो. कोविडच्या काळात निरीक्षक येऊ शकले नाहीत आणि २०२० व २०२१ असे दोन हंगाम अमेरिकेचा बाजार गेला. मे २०२५ मध्ये नवी मुंबईत विकिरणित झालेल्या आंब्यांच्या १५ खेपा कागदपत्रातल्या त्रुटींमुळे अमेरिकेच्या विमानतळांवर अडकल्या आणि परत आणण्याचा खर्च परवडत नाही म्हणून तिथेच नष्ट कराव्या लागल्या. युरोपने फळमाशीच्या अळ्या सापडल्या म्हणून १ मे २०१४ पासून भारतीय आंबा बंद केला, तो जानेवारी २०१५ मध्ये पुन्हा खुला झाला. त्यानंतर गरम पाण्याची प्रक्रिया सक्तीची झाली. जपानला उष्ण बाष्पाची प्रक्रिया लागते. आखाती देशांना यातले फारसे काही लागत नाही, म्हणून आपला सर्वाधिक ताजा आंबा तिकडेच जातो. भारतात वर्षाला दोन कोटी टनांहून जास्त आंबा होतो आणि त्यातला एक टक्काही ताज्या फळाच्या रूपात परदेशी जात नाही.

इथे कॉफीचा दाखला थांबतो, आणि तो कुठे थांबतो हे स्पष्ट सांगायला हवे. वाळलेली हिरवी कॉफी पोत्यात महिनोन्‌महिने टिकते. नमुना पाठवायचा, चाखून गुण घ्यायचे, भाव ठरवायचा, मग माल पाठवायचा, एवढी सवड तिच्यात आहे. हापूस आढीत घातला की घड्याळ सुरू होते. कॉफीचा मूठभर नमुना पोत्याभर मालाचा साक्षीदार असतो, तर हापूसचे प्रत्येक फळ वेगळे. साका, म्हणजे आतल्या गराचा बिघाड, बाहेरून दिसत नाही आणि एका साक्याच्या फळाने पेटीचा मान जातो. त्यामुळे ताज्या हापूसमध्ये छोट्या बागायतदारांच्या संघाने दूरच्या देशांशी थेट व्यवहार सुरू करणे मला धाडसाचे वाटते. आधी मुंबई-पुण्याचा थेट ग्राहक, मग आखात, आणि युरोप-अमेरिका अनुभवी निर्यातदाराच्या मार्फत, पण पेटीवर आपल्या संघाचे नाव ठेवून, असा क्रम असावा. कॉफीसारखी सवड हवी असेल तर ती रसात आहे. डाग पडलेला, लहान, कॅनिंगच्या भावाने जाणारा आंबा हाच पुष्कळ बागांचा निम्मा नफा-तोटा ठरवतो. भारताच्या आमरसाच्या निर्यातीत कृष्णगिरी आणि चित्तूरचे कारखाने पुढे आहेत. कोकणच्या मानांकित हापूसचा, बागेपर्यंत माग काढता येईल असा रस ही वेगळी वस्तू आहे, ती वर्षभर टिकते, आणि तिचा नमुना पाठवून सौदा करता येतो.

सहकार महाराष्ट्रात निर्यात करू शकत नाही असे म्हणणाऱ्यांनी द्राक्षाकडे पाहावे. १९९१ मध्ये द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थांनी मिळून पुण्यात ‘महाग्रेप्स’ उभे केले. सुरुवातीचा माल युरोपात नाकारला गेला. तो का नाकारला हे त्यांनी शिकून घेतले: तोडणीनंतर काही तासांत पूर्वशीतन, पेटीतली मांडणी, औषधांचे अंश. पुढे २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशावरून युरोपने भारतीय द्राक्षे अडवली आणि शेकडो शेतकरी कर्जात गेले. त्यातूनही नोंदी आणि तपासणीची शिस्त अधिक घट्ट झाली. नाशिकजवळ मोहाडीला विलास शिंदे यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली ‘सह्याद्री फार्म्स’ ही शेतकरी उत्पादक कंपनी आज द्राक्षनिर्यातीत अग्रभागी आहे आणि २०२२ मध्ये तिच्या उपकंपनीत युरोपीय गुंतवणूकदारांनी ३१० कोटी रुपये घातले. द्राक्षाला नाशिकने जे केले ते आंब्याला रायगडने का करू नये? एक कारण उघड आहे. नाशिकचा द्राक्षवाला बागेत राहतो. रायगडचा मालक पुष्कळदा बागेत राहत नाही.

पांढऱ्या कांद्याची गोष्ट पूर्ण वेगळी आहे आणि तिच्यावर निर्यातीचे गणित लादू नये, असे माझे ठाम मत आहे. खंडाळे, कार्ले, सागाव, वाडगाव, नेहुली, तळवली या परिसरात भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर हा कांदा लागतो. तिखटपणा कमी, गोडसर, कच्चा खायला उत्तम. १८८३ च्या गॅझेटिअरमध्ये त्याची नोंद आहे आणि मानांकनाच्या अर्जात ती पुरावा म्हणून कामी आली. बी शेतकरी घरचेच राखतो. काढल्यावर पातीसकट माळा विणल्या जातात आणि माळेने विक्री होते. क्षेत्र काहीशे हेक्टरांचे आहे, हंगाम जेमतेम दोन-तीन महिन्यांचा. एवढ्या मालाला जगाचा बाजार शोधायची गरजच नाही. जग शनिवारी-रविवारी गाडी घेऊन अलिबागला येते. शिवाय कांद्यावर सरकारचा हात कधी पडेल सांगता येत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली. एप्रिल २०२४ मध्ये गुजरातेतला २,००० टन पांढरा कांदा तेवढा बाहेर पाठवायला परवानगी मिळाली आणि महाराष्ट्रातला शेतकरी संतापला, तो रास्तच होता. मे २०२४ मध्ये बंदी उठली. असल्या धोरणावर अलिबागच्या छोट्या शेतकऱ्याने परदेशी करार बेतू नयेत.

या कांद्याला धोका तीन बाजूंनी आहे. रस्त्याकडेला दुसऱ्या जिल्ह्यांतला पांढरा कांदा ‘अलिबागचा’ म्हणून माळा करून विकला जातो. घरचे बी बाहेरच्या बियात मिसळत चालले आहे. आणि ज्या शेतात तो पिकतो त्या जमिनीवर बंगल्यांचे भूखंड पडत आहेत. तिन्हींवर उपाय गावातच आहे: प्रत्येक माळेला संघाचा क्रमांकित पट्टा, गावपातळीवर बी राखणारे ठरावीक शेतकरी आणि त्यांच्या बियाला जास्त भाव. जमिनीचा प्रश्न बाजारापेक्षा मोठा आहे. पण कांद्याचे पीक एकरी किती देते हे आकडे संघाने दरवर्षी जाहीर केले, तर निदान पोराला बाप सांगू शकेल की ही शेती का ठेवायची.

श्रीवर्धनी रोठा सुपारी हे या किनाऱ्याचे तिसरे प्रसिद्ध पीक, आणि तिच्याबद्दल थोडक्यात बोलतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मुरूड, दिवेआगर इथल्या सुपारीच्या वाड्या भुईसपाट केल्या. नव्याने लावलेल्या झाडाला फळ धरायला सहा-सात वर्षे जातात, म्हणजे त्या कुटुंबांचा वाट पाहण्याचा काळ आत्ता कुठे सरत आला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारी कर्ककारक म्हणून नोंदवली. तिला जगाचा बाजार शोधू नये. पण वाडीच्या सावलीत काय येते ते पाहावे. कृषी विद्यापीठाच्या ‘लाखी बाग’ या मांडणीत नारळाच्या सावलीत जायफळ, दालचिनी, काळी मिरी येते. ‘कोकण सुगंधा’ हे जायफळ आणि ‘कोकण तेज’ ही दालचिनी त्याच विद्यापीठाची. हे पीक वाळते, टिकते, हलके असते, किलोला भाव जास्त असतो आणि नमुना पाकिटातून पाठवता येतो. कॉफीचा सगळा धडा जसाच्या तसा लागू पडेल असे या किनाऱ्यावर काही असेल तर ते हे मसाले आहेत. वादळाने मोकळ्या झालेल्या वाड्यांत पुन्हा नुसती सुपारीच लावली गेली असेल तर एक संधी हुकली. अजूनही आंतरपीक घेता येते.

रायगडचा माल गावाच्या नावाने जगात पोचल्याचे उदाहरण नाही असे मात्र नाही. पेण आणि हमरापूर-जोहे परिसरातल्या कारखान्यांतले गणपती हंगामाच्या कितीतरी आधी कंटेनरमध्ये बसून अमेरिका, मॉरिशस, आखाताकडे निघतात, आणि परदेशातल्या मराठी मंडळांत ‘पेणची मूर्ती’ असेच म्हटले जाते. त्या नावामागे सरकारी शिक्का नव्हता. पिढ्यांचे हात होते आणि गिऱ्हाईक आपले माणूस होते. हापूसलाही परदेशात पहिले गिऱ्हाईक हेच मिळणार. न्यू जर्सीतली मराठी आजी डझनाला तीस-चाळीस डॉलर मोजते, ती विचारल्याशिवाय राहत नाही की आंबा कुठला.

दारे तर आपल्या जिल्ह्यातच आहेत. १४६९ मध्ये अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी घोडा घेऊन चौलला उतरला, तेव्हाही हा किनारा जगाला माहीत होता. २६ मे १९८९ पासून न्हावा-शेवा बंदर चालू आहे. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. पनवेल तालुक्यातला नवी मुंबई विमानतळ ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन होऊन डिसेंबरपासून चालू झाला. मांडव्याहून भाऊच्या धक्क्याला रो-रो बोट जाते. वाशीचे विकिरण आणि उष्णप्रक्रिया केंद्र जवळ आहे. रत्नागिरी-देवगडच्या आंब्याला मुंबई गाठायला रात्रभराचा घाट आणि महामार्ग पार करावा लागतो. अलिबागच्या आंब्याला ती सकाळच पुरते. चौदा आण्यांचा आंबा तोडून त्याच दिवशी प्रक्रियेला नेता येईल असा कोकणातला हापूसचा मोठा पट्टा हाच आहे. इतकी सोय कोणत्याही कॉफीच्या डोंगराला नव्हती.

उणीव आहे ती संघाची. उत्पादक कंपनी उभी करायला कायद्याने दहा शेतकरी पुरतात. संघ टिकतो की नाही याची कसोटी मात्र चढ्या भावाच्या वेळी लागते. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कला कॉफी पौंडाला चार डॉलरच्या वर गेली, तेव्हा अनेक देशांतल्या सहकारी संस्थांचे सभासद दारात आलेल्या व्यापाऱ्याला रोखीने माल देऊन मोकळे झाले आणि संस्था आपले करार पाळताना घायकुतीला आल्या. आपल्याकडेही मार्चच्या पेट्या दलालाला आणि मे महिन्यातला घसरलेला आंबा संघाला, असे झाले तर कोणताही संघ दोन हंगामांत बंद पडेल. म्हणून संघाने पहिल्या दिवशीच काही रोख द्यावी, उरलेली रक्कम विक्रीनंतर हिशेबासह द्यावी, आणि सभासदाने हंगामाआधी ठरवलेल्या झाडांचा माल संघालाच द्यावा. जिल्हा बँकेने दलालाच्या उचलीच्या जागी मोहोरावर कर्ज द्यावे. त्याशिवाय यातले काही घडणार नाही.

रायगडच्या बागायतदारांना माझी विनंती आहे. पुढचा मोहोर येण्याआधी गावातले दहा जण एकत्र बसा. झाडे मोजा, फवारणीची वही घाला, आणि प्रत्येकाने अधिकृत वापरकर्त्याचा अर्ज भरा. झाडे कंत्राटाने देणार असाल तर कंत्राटात वहीची अट घाला. आणि हापूसच्या नोंदणीधारकांत रायगडची संस्था असावी, अशी मागणी कृषी विभागाकडे आणि विद्यापीठाकडे लेखी करा.